गाडीच्या पोटातलं पाणी

सनरूफच्या काचेभोवतीनं पावसाचं पाणी आत शिरतं, आणि ते शिरणार हे गृहीत धरूनच गाडीचं छत बांधलेलं असतं. काचेच्या कडेचं रबरी बीडिंग मोठा लोंढा अडवतं. जे थोडं पाणी त्यातून निसटतं त्याच्यासाठी काचेखाली चारही बाजूंनी एक उथळ पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांना बोटापेक्षा बारीक नळ्या जोडलेल्या असतात. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही अंगांच्या खांबांमधून खाली उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांमधून, आणि पाणी गाडीखाली नेऊन सोडतात. जुलैच्या धो धो पावसात कोल्हापुरातल्या ताराराणी चौकात सिग्नलला आपण कोरडे ठाक बसलेलो असतो, तेव्हा कानापासून वीतभर अंतरावर, खांबाच्या पोटातून, पाणी वाहत असतं!

दाराचंही तसंच. काच खाली-वर होते त्या फटीतून प्रत्येक पावसात पाणी दाराच्या पोकळीत पडतं. काचेच्या बाहेरच्या अंगावरून ओघळून ते दाराच्या तळाशी येतं आणि तिथल्या भोकांतून बाहेर जातं. दाराचं प्लास्टिकचं आतलं पॅनल आणि ही पोकळी यांच्यामध्ये काळ्या चिकट डिंकानं चिकटवलेला एक कागदासारखा पडदा असतो. आपली मांडी कोरडी राहते ती त्या पडद्यामुळे. समोरच्या काचेखाली, वायपरच्या जाळीखाली, आणखी एक हौद असतो. काचेवरून ओघळलेलं सगळं पाणी त्यात उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या वाटांनी चाकांच्या मागे जातं. त्याच हौदातून गाडीचा ब्लोअर बाहेरची हवा आत घेतो. म्हणजे हवेची वाट आणि पाण्याची वाट हातभर अंतरावर, एकाच खोलीत.

हे सगळं पाहिलं की जुन्या कौलारू घराची आठवण येते. कौलं पाऊस अडवत नाहीत, त्याला उतार आणि वाट देतात. गाडीसुद्धा पाण्याला वाट देऊनच कोरडी राहते.

म्हणूनच सेकंडहँड एसयूव्ही घेतलेल्या लोकांच्या पावसाळी तक्रारी मला इतक्या कुतूहलाच्या वाटतात. पायाखालचं कार्पेट ओलं. एसी लावला की कुबट वास. सकाळी काचा आतून धुरकट. ब्रेक दाबला की छतातून डोक्यावर गार पाण्याची धार. मालक बीडिंग बदलतो, सिलिकॉन फासतो, पाणी येण्याच्या सगळ्या जागा बुजवत सुटतो, तरी पाणी येतंच. कारण फार वेळा दोष आत येण्याच्या वाटेत नसतो, बाहेर जाण्याच्या वाटेत असतो. ताराबाई पार्कात किंवा रंकाळ्याकाठी झाडाखाली वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या त्या नळ्यांत पानांचा चुरा, फुलांचे देठ, धूळ साठत जाते. धुळीचा चिखल होतो, चिखलाचं बूच होतं. मग पन्हळ काठोकाठ भरते आणि गाडी थांबली की तिचा काठ ओलांडून पाणी पुढे सांडतं. वर सिलिकॉन लावणारा माणूस कधी कधी उरलेली वाटही बुजवून टाकतो.

पाणी कुठे दिसतं यावरून ते कुठून आलं हे सांगता येत नाही, हा या शोधातला सगळ्यात मजेचा भाग. छतात शिरलेला थेंब वायरिंगच्या जुडग्याला धरून खांबातून उतरतो, उंबऱ्याच्या पोकळीतून सरकतो आणि मागच्या सीटखाली प्रकट होतो. गगनबावड्याच्या घाटात नाक खाली करून उभी असलेली गाडी पुढून गळते, तीच घरी चढावर लावली की मागून. त्यामुळे अनुभवी मेस्त्री आधी विचारतो: पाणी कधी येतं? पाऊस नसतानाही, एसी चालवल्यावर, चालकाशेजारच्या सीटपुढेच ओल येत असेल तर ते पावसाचं पाणी नव्हेच. एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमून थेंब होतात. ते बाहेर सोडणारी छोटी नळी तुंबली की ते पाणी डॅशबोर्डखालून आत येतं. हाताला चिकट लागलं, वास गोडसर आला, तर ते कूलंट. फक्त गाडी धुतल्यावर आलं, तर दारातला तो पडदा बघायचा, कारण नवे स्पीकर बसवताना तो फाडला जातो आणि पुन्हा नीट चिकटवायचा राहून जातो. आणि फक्त मुसळधार पावसात आलं, तर वायपरखालचा हौद. तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी पुरते. हवेचा जोरदार फवारा मारायचा मोह आवरावा, नाहीतर खांबाच्या आत नळीचा जोड सुटतो आणि पाण्याला तिथेच नवी वाट मिळते.

आत आलेलं पाणी दिसतं त्यापेक्षा खूप जास्त असतं. कार्पेटच्या खाली आवाज दाबण्यासाठी जाड फोम असतो. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. वरचं कार्पेट दोन दिवसांत सुकल्यासारखं वाटतं, खाली मात्र फोम आणि पत्रा यांच्यामध्ये ओल तशीच असते. हवेतली आर्द्रता साधारण 60 ते 70 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो आणि गंजण्याचा वेग एकदम वाढतो. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये हवा कितीतरी दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत तो फोम आपणहून सुकत नाही.

इथून पुढे जे घडतं ते विसाव्या शतकाच्या विशीत केंब्रिजमध्ये युलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानं एका थेंबात दाखवलं. घासून लख्ख केलेल्या लोखंडावर त्यानं मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. त्यात दोन रसायनं मिसळलेली होती. लोखंड विरघळेल तिथे एक निळं होतं, हवेतला ऑक्सिजन वापरला जाईल तिथे दुसरं गुलाबी. काही वेळानं थेंबाचं मधलं अंग निळं झालं आणि कडा गुलाबी. गंजाचं तपकिरी कडं उमटलं ते दोन्हींच्या मध्ये! जिथे हवा भरपूर मिळते त्या कडेला लोखंड शाबूत राहतं, आणि जिथे हवा पोचायला कष्ट पडतात त्या मध्यभागी ते झिजतं. आपल्याला वाटतं नेमकं त्याच्या उलट. घरी रसायनांशिवायही हे करून बघता येतं: घासलेला पत्रा, मिठाच्या पाण्याचा एक थेंब, आणि काही तासांचा धीर.

थेंबाच्या मध्यातून कडेकडे लोखंडामधून इलेक्ट्रॉन वाहतात. ही खरीखुरी वीज आहे. थेंबाखाली एक बॅटरी तयार झालेली असते आणि लोखंड हेच तिचं इंधन असतं. हिशेब मांडला तर 1 ग्रॅम लोखंड विरघळताना जवळपास 1 अँपिअर-तास इतका विद्युतभार वाहतो. आजच्या मोबाइलच्या बॅटरीवर 5000 मिलिअँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. तेवढा भार म्हणजे सुमारे 5 ग्रॅम लोखंड. ओल्या कार्पेटखाली एका पावसाळ्यात ही वीज कुणाच्याही नकळत वाहून जाते, दिवा न लावता, आवाज न करता.

इव्हान्सचा थेंब समजला की गाडी नेमकी कुठे गंजते ते कळतं. दोन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेली फट, बोल्टच्या वॉशरखालची जागा, चाकाच्या कमानीच्या आतल्या घडीत बसलेला चिखल, या सगळ्या ठिकाणी ओल असते आणि हवा कमी असते. आपल्याकडच्या उसाच्या शेतांतून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी काळी माती तर चिकण आणि पाणी धरून ठेवणारी. ती घडीत बसली की बाहेर ऊन पडलं तरी आत पावसाळाच. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. म्हणून तो वरचा रंग आतून उचलतो. दाराच्या खालच्या कडेला रंगावर फोड दिसला तर तिथे गंज सुरू झालाय असं समजू नये. आतून सुरू झालेला गंज तिथे बाहेर पोचला आहे.

याला रोखायची युक्तीही विजेचीच, आणि ती मला गंजाइतकीच अद्भुत वाटते. कारखान्यात गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या प्रचंड टाकीत बुडवतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात. एखादी जागा झाकली गेली की तिथून वीज जाईनाशी होते आणि कण आपोआप उघड्या राहिलेल्या जागा शोधतात, बंद पोकळ्यांच्या आतसुद्धा. थर बसतो सुमारे 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. टाकीतून वर काढल्यावर पोकळ्यांतला जादा रंग निथळावा म्हणून पत्र्याला भोकं ठेवलेली असतात आणि मग ती रबरी बुचांनी बंद करतात. जुन्या गाडीच्या तळाचं असं एखादं बूच पडलेलं असतं, आणि खड्ड्यातलं पाणी थेट कार्पेटखाली येतं. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर रंगाच्याही खाली जस्ताचा थर असतो. ओरखडा पडला तर आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ते संपलं की मग लोखंडाची पाळी.

मीठ या सगळ्याला घाई लावतं. करूळ, फोंडा, आंबा यातला कुठलाही घाट उतरला की काही तासांत समुद्र. मालवण-रत्नागिरीत समुद्रकाठी राहिलेल्या गाडीच्या सांध्यांत बसलेलं मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेतं. मग पाऊसही लागत नाही. शिवाय गंज तयार होताना हे मीठ संपत नाही, तेच पुन्हा पुन्हा कामाला येतं. नंबर प्लेटवर एमएच 07 किंवा एमएच 08 दिसलं तर गाडी वाईट ठरत नाही, पण ती खालून बघितल्याशिवाय घेऊ नये.

कार्पेट उचलल्यावर पत्र्यावर जी तांबूस पूड दिसते, ती कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते, आणि पाहिलेली असतेच. पन्हाळ्याला जाताना वरच्या टप्प्यात जांभा दगड लागतो, मसाई पठारही त्याचंच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला आणि काळा कातळ तयार झाला. त्या कातळातल्या खनिजांत लोखंड होतं. प्रदीर्घ काळ पावसानं त्यातली बाकीची बरीच द्रव्यं धुऊन नेली, आणि लोखंड मात्र हवेतला ऑक्सिजन धरून लाल होऊन मागे राहिलं. जांभ्यात गोएथाइट नावाचं खनिज असतं. त्याला हे नाव जर्मन कवी गटेवरून मिळालं, कारण गटेला खनिजांचा मोठा नाद होता. हेच खनिज गाडीच्या गंजातही असतं. पन्हाळ्याच्या माथ्यावर जे घडायला युगं लागली त्याच जातीची घडामोड सीटखाली दोन-तीन पावसाळ्यांत होते. भट्टीत प्रचंड उष्णता ओतून माणसानं लोखंडापासून ऑक्सिजन वेगळा केला, आणि ते लोखंड पाण्याचं बोट धरून पुन्हा दगड व्हायला निघतं.

कोल्हापुरात सेकंडहँड गाडी घेताना पुराची आठवण ठेवावीच लागते. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा तितकंच चढलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक या भागांत पाणी शिरलं. अशा पुरात बुडालेली गाडी विम्याच्या हिशेबात भंगार ठरते, पण भंगारातून उचलून, धुऊन-पुसून, पॉलिश करून काही गाड्या पुन्हा बाजारात येतात, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात.

अशा गाडीवर पाण्याच्या खुणा राहतातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. गुंडाळीत राहणाऱ्या टोकाला गाळाची रेघ सापडते, कारण तिथे कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट, ब्रेक पेडलच्या वरचा भाग आणि सुट्या चाकाचा खड्डा बघावा. वायरिंगचे जोड हिरवट झालेत का तेही पाहावं. दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक फिरवावा. तो जिथे धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. मग गाडी रॅम्पवर चढवायची. ज्या एसयूव्हीला स्वतंत्र चासी असते तिच्या लांब पोकळ नळकांड्यांत पुराचा गाळ वर्षानुवर्षं ओला राहतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जावं: शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. दाराचा पत्रा उद्यमनगरात बदलून मिळतो, फ्लोअरला तुकडा जोडता येतो. पण सस्पेन्शन जिथे चासीला धरतं तिथे बद्द आवाज आला, तर वरचा रंग कितीही चकचकीत असो, किंमत कितीही उतरू दे, ती गाडी घेऊ नये.