थायलंडचा शैक्षणिक व्हिसा : थाई भाषा शिकण्यासाठी दीर्घ मुक्काम

पदवीनंतर सहा महिने किंवा वर्षभर परदेशात राहून तिथली भाषा शिकावी, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात असेल. थायलंडमध्ये त्यासाठी ‘नॉन-इमिग्रंट ईडी’ हा व्हिसा असतो. ईडी म्हणजे एज्युकेशन. हा व्हिसा मिळवण्यापेक्षा त्यावरचा मुक्काम टिकवणे अवघड आहे. कारण व्हिसा, मुक्कामाची मुदत आणि पुनर्प्रवेश परवाना या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पुष्कळदा त्या एकच समजल्या जातात. आपण त्या एकेक करून पाहू.

१. व्हिसा : आत येण्याची परवानगी

आधी प्रवेश, मग व्हिसा, असा क्रम आहे. बँकॉकचे चुलालाँगकॉर्न विद्यापीठ आणि चियांग माई विद्यापीठ येथे थाई भाषेचे वर्ग चालतात. खासगी भाषाशाळाही आहेत. पण शाळेला थाई शिक्षण मंत्रालयाचा परवाना आहे का, हे फी भरण्यापूर्वी विचारा. शाळा प्रवेशाची कागदपत्रे देते आणि ती जोडून तुम्ही थाई दूतावासाकडे अर्ज करता. भारतातून १ जानेवारी २०२५ पासून हा अर्ज ई-व्हिसा पद्धतीने होतो.

एकेरी प्रवेशाच्या व्हिसावर जी अंतिम तारीख असते, तिच्या आत तुम्ही थायलंडमध्ये दाखल व्हायचे असते. तिथे किती दिवस राहायचे, हे ती तारीख सांगत नाही.

२. मुक्कामाची मुदत : आत राहण्याची परवानगी

ही मुदत विमानतळावर ठरते. ईडी व्हिसावर सुरुवातीला ९० दिवस मिळतात आणि येण्याचा दिवसही त्यात धरला जातो.

उदाहरण : व्हिसाची अंतिम तारीख ३० जून आहे आणि तुम्ही १ जूनला पोहोचलात. जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे २९ मिळून ९० दिवस होतात. म्हणजे तुमची मुदत २९ ऑगस्टपर्यंत आहे. ३० जून उलटून गेली तरी काही बिघडत नाही.

पुढे राहायचे असेल तर मुदत संपण्यापूर्वी इमिग्रेशन कार्यालयातून ती वाढवून घ्यावी लागते. दर वेळी शुल्क १,९०० बाथ. खासगी शाळेच्या विद्यार्थ्याला एका वेळी ९० दिवसच वाढवून मिळतात, असे धरून हिशेब करा : सुमारे वर्षभरासाठी ३ मुदतवाढी, म्हणजे ५,७०० बाथ.

मुदत उलटली तर दिवसाला ५०० बाथ दंड होतो. कमाल २०,००० बाथ. प्रश्न फक्त पैशांचा नाही. ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून स्वतःहून हजर झालेल्याला १ वर्ष प्रवेशबंदी होते. मुदत उलटल्यावर पकडले गेल्यास, ती वर्षाहून कमी काळ उलटलेली असली तरी बंदी ५ वर्षांची असते.

३. पुनर्प्रवेश परवाना : मुदत राखून बाहेर जाण्याची सोय

हा परवाना न घेता देशाबाहेर पाऊल टाकले की उरलेली मुदत तिथेच संपते. एका फेरीसाठी त्याचे शुल्क १,००० बाथ आहे आणि अनेक फेऱ्यांसाठी ३,८०० बाथ.

यांखेरीज, सलग ९० दिवस देशात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला आपला पत्ता इमिग्रेशनला कळवावा लागतो. ही वेगळी जबाबदारी आहे. पत्ता कळवल्याने मुदत वाढत नाही.

४. शिकणे हीच अट

मुदतवाढीसाठी शाळेचे पत्र लागते, आणि हजेरी नसेल तर ते पत्र अडते. अधिकारी कधी कधी थाईमध्ये साधे प्रश्नही विचारतात. त्यामुळे नावापुरता प्रवेश घेणाऱ्याची इथे पंचाईत होते. कामाचा स्वतंत्र परवाना नसताना या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

अभ्यास मात्र आपल्याला पूर्ण परका नाही. थाई व्यंजनांचा क्रम आपल्या क-वर्ग, च-वर्गाच्या धर्तीवर आहे. भाषेला ‘फासा’, शिक्षकाला ‘ख्रू’ म्हणजे गुरू, आणि विद्यापीठाला ‘महाविथ्थयालय’ म्हणतात. खरी कसोटी पाच स्वरांची आहे : ‘मा’ सपाट स्वरात म्हटले तर ‘येणे’, उंच स्वरात ‘घोडा’ आणि चढत्या स्वरात ‘कुत्रा’.

मुए थाई किंवा थाई स्वयंपाक शिकायचा असेल, तर जुलै २०२४ पासून ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ हा दुसरा मार्ग आहे. तो ५ वर्षांचा असून प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस मिळतात. मात्र ५ लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते. शुल्क आणि नियम बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर ते ताडून पाहा.

स्वाध्याय

एक विद्यार्थिनी १५ सप्टेंबरला ईडी व्हिसावर थायलंडमध्ये दाखल झाली. नोव्हेंबरमध्ये ती दिवाळीसाठी घरी येणार आहे. (अ) तिची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे? (आ) निघण्यापूर्वी तिने काय करावे?

उत्तर : (अ) १३ डिसेंबर. (आ) १,००० बाथ भरून एका फेरीचा पुनर्प्रवेश परवाना घ्यावा.