डब्यातील चिठ्ठी आणि टपालाचा कायदा

आमच्या घरी माळ्यावर वडिलांची एक पत्र्याची पेटी आहे. १९८० ते १९८४ या काळात ते याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, शिकत होते. कन्नड तालुक्यातील आमच्या गावाहून त्यांचा जेवणाचा डबा रोज एस.टी.ने येई. आजी पहाटे उठून भाकरी थापी, आजोबा डबा गाडीत ठेवून येत आणि वडील मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन तो उतरवून घेत. खेड्यापाड्यांतून आलेल्या कितीतरी मुलांचे शिक्षण असे डब्यावर झाले आहे. आपल्या प्राध्यापकांपैकी अनेकांना हे सांगायची गरज नाही.

आजीला लिहिता येत नसे. ती चुलीपाशी बसून सांगे आणि सातवीत शिकणारी आत्या वहीच्या पानावर लिही. ती चिठ्ठी भाकरीच्या फडक्यात घडी घालून येई. वडिलांनी त्या चिठ्ठ्या टाकल्या नाहीत; पेटीत जपून ठेवल्या. राज्यशास्त्राच्या एका निबंधासाठी मी टपालाचा जुना कायदा वाचत होतो, त्याच दिवाळीच्या सुट्टीत ही पेटी उघडली. आणि लक्षात आले की आजीच्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्याअधिक बेकायदा होत्या!

हा विनोद नव्हे. १८९८ सालचा भारतीय टपाल कायदा इंग्रजांनी केला आणि तो स्वातंत्र्यानंतरही पाऊणशे वर्षे चालू राहिला. मराठवाड्यात पूर्वी निजामाचे स्वतंत्र टपाल होते. १९५० साली ते भारतीय टपालात विलीन झाले. या कायद्याच्या चौथ्या कलमान्वये पत्रे गोळा करणे, नेणे आणि पोचविणे हा अधिकार फक्त सरकारचा होता. पोस्टकार्डही 'पत्र' या शब्दात येत असे. या मक्तेदारीला तीन अपवाद होते. एक, प्रवासाला निघालेल्या स्नेह्याने मोबदला न घेता नेलेले पत्र. दोन, केवळ आपल्याच कामासाठी खास माणूस धाडून पाठविलेले पत्र. आणि तीन, एखाद्या मालाबरोबर जाणारे व फक्त त्या मालासंबंधीच असलेले पत्र.

पाचवे कलम याहून कडक होते. प्रवासी किंवा माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याने आणि त्याच्या नोकरांनी पत्र नेताच कामा नये, एक पैसाही न घेता नेले तरी नाही, असे ते सांगे. सूट एवढीच, की गाडीतल्या मालासंबंधीचे पत्र चालेल. नियम मोडल्यास दर पत्रामागे पन्नास रुपयांपर्यंत आणि पुन्हा दोषी ठरल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड होता.

आता या कसोटीवर आजीच्या चिठ्ठ्या लावून पाहू. एका चिठ्ठीत लिहिले आहे, "चटणी तिखट झाली आहे, ताकासंगं खा. डबा उद्याच्या गाडीनं परत धाड." ही पूर्णपणे कायदेशीर; कारण मजकूर सगळा मालाविषयी, म्हणजे डब्याविषयी आहे. दुसरीत आहे, "गाय व्याली. फीचे किती पैसे लागतील ते कळव." ही बेकायदा! गाय काही डब्यात नव्हती. तिसरी चिठ्ठी डब्यातून आलेलीच नाही. शेजारचे तात्या बाजाराला निघाले होते, त्यांच्याजवळ ती दिली होती. तिच्यात घरची सारी हकीकत असूनही ती कायदेशीर ठरते, कारण तात्या स्नेही होते. त्यांनी पोचवणावळ म्हणून चार आणे घेतले असते, किंवा साऱ्या गावाची पत्रे गोळा करून आणली असती, तर मात्र तेही कायद्याच्या कचाट्यात सापडले असते.

थोडक्यात, कागद किती मोठा आहे हे कायदा पाहत नव्हता. त्यावर काय लिहिले आहे, ते कोणासाठी आहे आणि कोण नेत आहे, हे तो पाहत होता.

हे झाले एस.टी.च्या डब्याचे. पुढे वडील पुण्याला नोकरीला लागले आणि डब्याची जागा पोस्टाच्या पार्सलाने घेतली. पांढऱ्या कापडात शिवलेला डबा, टाक्यांवर लाखेची मोहोर! येथे पत्र नेणारे खुद्द टपालखातेच असल्याने मक्तेदारी मोडण्याचा प्रश्न नव्हता. तरीही नियम होताच. पार्सलात पत्रवजा मजकुराचा एकच कागद घालता येई आणि तोही ज्याच्या नावे पार्सल आहे त्यालाच लिहिलेला असावा लागे. एकाहून अधिक पत्रे किंवा तिसऱ्याच माणसाचे पत्र आत असल्याचा संशय आला, तर ते पार्सल पोचण्याच्या ठिकाणी घेणाऱ्याच्या समक्ष उघडले जाई आणि प्रत्येक जादा पत्रावर दुप्पट टपालहशील वसूल केले जाई.

आजीला हे गावच्या पोस्टमास्तरांनी समजावून सांगितले. त्या वेळी शेजारणीचा मुलगा वडिलांच्याच खोलीवर राहत होता आणि त्याच्या आईची चिठ्ठीही त्याच पार्सलात घालायची होती. आजीने क्षणभर विचार केला आणि आत्याला सांगितले, "आपल्याच चिठ्ठीत लिही, की शेजारच्या वहिनी सांगतात, त्यांच्या पोराला तूप धाडलंय, ते त्याला दे आणि त्यानं अंगावर दुखणं काढू नये." एक कागद, एकाच्या नावे, नियम पाळला गेला आणि निरोपही पोचला. परदेशी पार्सलांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय टपाल संघाचा नियम याहून थोडा सैल आहे. पाठविणारा आणि घेणारा, किंवा त्यांच्याबरोबर राहणारी माणसे, यांच्याखेरीज इतरांचा पत्रव्यवहार पार्सलात नसावा, एवढेच तो म्हणतो. म्हणजे एकत्र राहणाऱ्यांची सोय तेथे आधीच केलेली आहे.

बुक पोस्टाचा नियम विद्यार्थ्यांच्या अधिक परिचयाचा होता. पाकीट चिकटवून बंद करायचे नाही, आतील पुस्तक तपासता आले पाहिजे आणि त्यात पत्र असता कामा नये. पुस्तकात खुशालीची चिठ्ठी सापडली, की सवलत जाऊन पत्राच्या दराने आकारणी होई. म्हणजे पाकीट बैरंग होऊन भुर्दंड घेणाऱ्याच्या माथी बसे.

एवढ्याशा चिठ्ठीसाठी इतका काटेकोरपणा कशाला, असे कोणीही विचारील. मलाही प्रथम तसेच वाटले. पण हिशेब मांडून पाहावा. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशात अंतराचा विचार न करता पत्राला एकच दर लागू झाला. पाव तोळा वजनापर्यंत अर्धा आणा. पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की दूरच्या प्रांतात, तिकीट तेच. शहरातल्या हजारो पत्रांच्या उत्पन्नातून आडगावच्या एका पत्राचा खर्च भागवायचा, ही त्यामागची कल्पना. आता समजा, २००१ नंतरच्या पाच रुपयांच्या दराने दहा पत्रे वेगवेगळी पाठवली, तर पन्नास रुपये होतात. तीच दहा पत्रे एका पार्सलात कोंबली, तर सारे मिळून वजन २०० ग्रॅमही भरत नाही. पार्सलाचे पैसे ओझ्याचे असतात आणि पत्राचे पैसे निरोपाचे असतात. ओझ्याच्या भावात निरोप जाऊ लागले, की ज्या गावाला दिवसाला दोनच पत्रे येतात त्या गावाचा पोस्टमन पोसायचा कोणी? आमच्या गावाला पोस्टमन येत होता, त्याच्या पायपिटीचे पैसे या कडक नियमातूनच निघत होते.

काळाच्या ओघात ही मक्तेदारी मात्र ढिली पडली. कुरिअरवाले उघडपणे पत्रे नेऊ लागले, फक्त पावतीवर 'डॉक्युमेंट' असा शब्द लिहू लागले. शेवटी २०२३ साली संसदेने नवा टपाल कायदा केला. तो १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि १८९८ चा कायदा रद्द झाला. पत्रे नेण्याची मक्तेदारी नव्या कायद्यात नाही; टपाल तिकिटे काढण्याचा अधिकार तेवढा खात्याकडे राहिला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांची जुनी नोंदणीकृत सवलत बंद झाली, तेव्हा प्रकाशक आणि वाचक हळहळले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू झाली. तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असे ठरले. ती छापील पुस्तकांसाठी आहे. म्हणून मित्राला पुस्तक धाडताना पत्र वेगळ्या लिफाफ्यात घालावे, हा जुना शहाणपणा आजही उपयोगी पडेल. पार्सलात आतल्या बाजूला घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला कागद ठेवावा. वरचे कापड फाटले, तर त्या एका कागदावरून डबा घरी पोचतो.

पेटीच्या तळाशी एक चिठ्ठी आहे. तिच्यावर दोनच ओळी आहेत. "आजोबांना रात्रीपासून बरं नाही. डबा बघताच गाडी धर." येथे 'आजोबा' म्हणजे वडिलांचे आजोबा. आमच्या गावात तारऑफिस नव्हते आणि पोस्टकार्ड पोचायला दोन-तीन दिवस लागले असते. डबा दुपारी पोचला, वडिलांनी भाकरी न खाताच परतीची गाडी पकडली आणि दिवेलागणीला ते घरी होते. पणजोबा त्याच रात्री गेले. नातवाने त्यांना शेवटचे पाणी पाजले होते.

कायद्याने पाहता ती चिठ्ठी पन्नास रुपये दंडास पात्र होती. ज्या नियमाने ती बेकायदा ठरवली, त्याच नियमाच्या जोरावर पुढे तेराव्याच्या चार पोस्टकार्डांनी आमच्या भावकीची चार आडवळणी गावे अचूक गाठली, हेही तितकेच खरे. वडिलांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दंड भरला असता रे." आणि त्यांनी चिठ्ठी पुन्हा घडी घालून पेटीत ठेवली.