गब्बरच्या कातळावर बूट का चिकटतो?

‘शोले’मधलं रामगढ म्हणजे कर्नाटकातलं रामनगर, बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरवर. १९७५ साली पडद्यावर दिसलेल्या त्या गोलसर कातळांवर आज प्रस्तरारोहकांचे दोर लागलेले असतात. सह्याद्रीत तयार झालेला गडी इथे पहिल्यांदा आला की त्याचे हात सवयीने खोबण शोधत राहतात. खोबण सापडत नाही. इथे चढायचं ते पायांच्या भरवशावर.

फरक दगडाच्या जन्मातला. आपला बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जमिनीवर पसरला आणि झटपट थिजला. त्यामुळे त्याचे कण बारीक. रामनगरचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. तो शिलारस वर आलाच नाही. काही किलोमीटर खोलीवर सावकाश निवत राहिला आणि स्फटिकांना वाढायला सवड मिळाली. कातळाला नाक लावून पाहिलं की काचेसारखं क्वार्ट्झ, अभ्रकाचे काळे ठिपके आणि नखाएवढे गुलाबी फेल्डस्पार वेगवेगळे दिसतात. मऊ खनिजं आधी झिजतात, टणक स्फटिक किंचित पुढे राहतात. गुळगुळीत वाटणारा कातळ खरं तर खरखरीत असतो तो असा.

चढाईच्या बुटाचं मऊ रबर वजनाखाली दबून या खरखरीत बसतं. म्हणून टाच खाली सोडायची, म्हणजे जास्त रबर टेकतं. नवखा माणूस घाबरून कातळाला बिलगतो, आणि तिथेच फसतो: अंगाचा भार कातळावर गेला की पायांवरचा दाब घटतो आणि पाय सुटतो. ताठ उभं राहायला छाती लागते, पण भौतिकशास्त्र तुमच्या बाजूने असतं. सुटी वाळू मात्र घातक. फेल्डस्पारची माती होऊन वाहून जाते, क्वार्ट्झचे दाणे उरतात, आणि त्यांवर पाय पडला तर मोहरी सांडलेल्या फरशीवर चालल्यासारखी गत होते.

वरचे थर झिजून गेले तसा खालच्या ग्रॅनाइटवरचा दाब उतरला. खडक किंचित फुगला, पृष्ठभागाला समांतर भेगा पडल्या, पापुद्रे सुटू लागले. गोलाई आली ती त्यातून. असा पापुद्रा धरण्याआधी जाणते आरोहक बोटांच्या पेराने ठोकून पाहतात. आवाज बद्द आला की त्याला हात लावत नाहीत.

उन्हाळ्यात कातळ तापतो, तळहात घामेजतात, रबर घसरतं. म्हणून चढाईचा हंगाम हिवाळा. नेमकी तीच लांब चोचीच्या गिधाडांची विणीची वेळ. रामनगरच्याच रामदेवर बेट्टा या टेकडीच्या कड्यावर त्यांची घरटी असतात आणि २०१२ पासून तिथे गिधाड अभयारण्य आहे. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने देशभरातली गिधाडं जवळपास संपवली. तेव्हा त्या कड्यावर बंधनं आली म्हणून कुरकुरणाऱ्या आरोहकांशी माझं जमत नाही. दोर लावायला आसपास कातळ काही कमी नाहीत.