विश्लेषण : सुट्टीत वाचलेले पुस्तक पुढच्या वाचकापर्यंत कसे पोहोचते?

मे महिना सरत आला की समाजमाध्यमांवर ‘सुट्टीत वाचलेली पुस्तके’ अशा याद्या फिरू लागतात. कुणी दहा मुखपृष्ठांचे छायाचित्र टाकते, कुणी नुसतेच ‘आवर्जून वाचा’ असे लिहिते. त्याखाली अंगठे उमटतात, यादी जपून ठेवली जाते आणि बहुतेकदा विषय तिथेच संपतो. मोठ्यांच्या बाबतीत यादी आणि पुस्तक यांतले अंतर फार तर आळसाचे असते. ज्या घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तकच नाही, तिथल्या मुलांच्या बाबतीत मात्र ते कुलपाचे असते. सुट्टी लागली की शाळा बंद होते आणि शाळेबरोबर तिथले पुस्तकांचे कपाटही.

सुट्टीचा आणि वाचनाचा संबंध काय?

राज्यात साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी असते; विदर्भात त्याहून काही दिवस अधिक. अभ्यास नाही, परीक्षा नाही, दुपारी ऊन म्हणून घराबाहेर पडायचे नाही. वाचायला याहून बरा काळ वर्षभरात सापडत नाही. शाळेचे कपाट नेमके तेव्हाच बंद असते.

अमेरिकेत शाळांची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची असते. या काळात मुलांचे वाचन मागे पडते आणि गरीब घरांतली मुले अधिक मागे पडतात, असे तिथले अभ्यासक अनेक दशके सांगत आले. ही घसरण नेमकी किती, यावर आता वाद आहे. जुन्या चाचण्यांच्या पद्धतीतच दोष होता, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. तरीही एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिचर्ड ॲलिंग्टन, ॲन मॅकगिल-फ्रान्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधील शाळांत सलग तीन वर्षे सुट्टीपूर्वी मुलांना प्रत्येकी १२ पुस्तके दिली. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुले वाचनाच्या चाचणीत पुढे होती आणि सर्वांत गरीब मुलांत हा फरक अधिक ठळक होता. महत्त्वाचे म्हणजे पुस्तके मुलांनी स्वतः निवडली होती. त्यांनी उचललेल्या पुस्तकांत लोकप्रिय गायक-नटांची चरित्रेही होती. एखाद्या शिक्षकाने कपाळाला हात लावला असता, पण पोरांनी ती वाचली.

मग पुस्तके वाटली की झाले?

तसेही नाही. हार्वर्डचे जेम्स किम यांच्या प्रयोगांत निराळे चित्र दिसले. नुसती पुस्तके हाती दिलेल्या मुलांत फारसा फरक पडला नाही. जिथे शिक्षकांनी सुट्टीआधी वाचनाच्या युक्त्या शिकवल्या आणि घरच्यांनी मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकून घेतले, तिथे सुधारणा दिसली. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी पूर्णपणे जुळत नाहीत आणि तिथले आकडे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण पुस्तक हातात असणे, ते आपण निवडलेले असणे आणि त्याबद्दल विचारणारे कुणीतरी असणे या तीन गोष्टी दोन्हींतून पुढे येतात. समाजमाध्यमांवरची यादी यांतले एकही काम करत नाही.

शिफारस कुणाची ऐकली जाते?

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी याचे उत्तर मिळते. मुरलेले सभासद कपाटाकडे जाण्याआधी विचारतात, ‘आज परत काय आलंय?’ नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग हीच त्यांची यादी. कुणीतरी वाचून आणून दिले, म्हणजे त्यात काही असणार, हा साधा हिशेब. संगणक येण्यापूर्वी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेला तारखांचा कागदही असेच बोलायचा. शिक्क्यांनी भरलेला आणि त्यावर दुसरा डकवलेला कागद असला की पुस्तक घरी जायचेच. अनेक ग्रंथालयांत तो कागद आता कोराच राहतो, कारण नोंद संगणकात होते. सोय झाली, पण एक मूक शिफारस गेली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन नेमकी याविषयी आहेत. वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हे एक. पुस्तकालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे दुसरे. दुसरे अधिक अवघड. मराठीत अनेक पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी असते. जाहिरातीला पैसा नसतो. अशा पुस्तकाचे नशीब तोंडी शिफारशीवरच ठरते.

मुलांमध्ये तर मोठ्यांच्या शिफारशीला जरा संशयानेच पाहिले जाते. ‘संस्कार होतील’ असे सांगितलेले पुस्तक निम्म्यात राहते; ‘यात फुरसुंगीचा एक मुलगा सायकल मारत चोरांच्या मागे लागतो’ असे शेजारच्या बाकावरून कळले की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही पळवला जातो. चांगली शिफारस अशीच असते. ती कथा सांगत नाही, थोर-थोर म्हणत नाही. पुस्तक कशाबद्दल आहे, किती जाड आहे, कुणाला आवडेल आणि सुरुवातीला कंटाळवाणे वाटले तर कुठवर धीर धरायचा, एवढे सांगते. ‘तुला आवडणार नाही’ हेही शिफारशीतच मोडते आणि विश्वास त्यानेच वाढतो.

पुस्तक पोहोचवण्याचे मार्ग कोणते?

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. त्यांतली अनेक ‘ड’ वर्गातली, म्हणजे एखाद्या खोलीतली. वर्तमानपत्रे वाचण्यापुरती उघडणारी. मोठ्या ग्रंथालयांत अनामत आणि वर्गणी भरावी लागते. रक्कम थोडी असली तरी ज्या घरात वाचनाची सवय नाही, तिथे ती आधी कापली जाते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात १०० पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने पेट्यांची अदलाबदल होते. पेटी एका गटाची असल्याने ‘ते निळ्या मुखपृष्ठाचे कुणाकडे आहे?’ अशी विचारणा आपोआप सुरू होते. पाचगणीजवळचे भिलार ४ मे २०१७ रोजी, म्हणजे सुट्टीच्या तोंडावरच, पुस्तकांचे गाव झाले. तिथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत. मात्र वाचायचे ते तिथेच बसून.

मोबाइलवरही वाट आहे. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, त्या वाचता, उतरवून घेता आणि कुणालाही पाठवता येतात.

पीडीएफ पुढे पाठवली तर?

इथे बरेच जण चुकतात. विकत घेतलेले छापील पुस्तक मित्राला देणे, त्याने ते पुढे देणे, जुने म्हणून विकणे, यात काहीही बेकायदा नाही; प्रत एकच राहते, हात बदलतात. ‘वाचनप्रेमी’ नावाच्या गटावर आलेली स्कॅन केलेली पीडीएफ पुढे ढकलली की मात्र दरवेळी नवी प्रत तयार होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क लेखकाचा किंवा प्रकाशकाचा आहे आणि जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी दिवाणी दाव्याबरोबर शिक्षेचीही तरतूद आहे. हजार प्रतींच्या आवृत्तीत तीनशे प्रती फुकट फिरल्या, तर दुसरी आवृत्ती निघत नाही. आपण पुस्तकाचा प्रसार करतो आहोत, अशी पाठवणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते, हा यातला खेदाचा भाग.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० सालचे. त्यामुळे त्यांचे मूळ लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. आजच्या लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ पाठवण्याऐवजी मुखपृष्ठाचा फोटो, दोन ओळी आणि ‘माझ्याकडे आहे, घेऊन जा’ हे वाक्य पाठवता येते.

शाळेचे कपाट सुट्टीत का उघडत नाही?

कारण भीती. नोंदवहीत असलेले पुस्तक मोजणीत कमी भरले, तर उत्तर शिक्षकाला द्यावे लागते. काही ठिकाणी भरपाईही स्वतःच्या खिशातून करावी लागते. त्यामुळे नवी कोरी पुस्तके कपाटात सुरक्षित राहतात आणि तशीच पिवळी पडतात. यावर उपाय खर्चिक नाही. वर्षाकाठी काही पुस्तके फाटणार, हरवणार, हे गृहीत धरून त्यांना निर्लेखनात मोकळी जागा ठेवली, तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाला चार-पाच पुस्तके स्वतः निवडून घरी नेता येतील. एका वाडीत दहा मुले असली, तर दीड महिना फिरवायला चाळीस-पन्नास पुस्तके झाली.

आणि जूनमध्ये ती परत येतील तेव्हा ‘सुट्टी कशी घालवली’ हा निबंध एखाद्या वर्षी वगळता येईल. त्याऐवजी परत आलेली पुस्तके टेबलावर मांडायची आणि प्रत्येकाला दोन मिनिटे द्यायची. पुस्तक आवडले नसेल तर तसे सांगण्याची मुभा द्यायची. पाने सुटलेली, कोपरे दुमडलेली आधी कोण उचलते, तेही त्या टेबलाशी दिसेल.