शरीराचा जमाखर्च

बारामती व इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील दोन तालुके होत. दरवर्षी आषाढी एकादशीपूर्वी संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने पंढरपूरकडे जाते. बेलवाडीस व इंदापुरास गोल रिंगण होते. खांद्यावर पताका घेतलेले वारकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया आणि विणेकरी रिंगणात धावतात. मागून अश्व दौडतात. धावणाऱ्यांत साठी उलटलेली माणसेही असतात. कित्येक दिवसांची पायपीट झालेली असूनही त्यांचे पाय कसे चालतात, याचे पाहणाऱ्यास नवल वाटते.

याच बारामतीत लता करे या वृद्ध शेतमजूर स्त्रीचे नाव सर्वांस ठाऊक झाले. पती आजारी पडले आणि तपासण्यांसाठी पैसा उरला नाही. तेव्हा, २०१३ सालच्या सुमारास, नऊवारी लुगडे नेसून व अनवाणी पायांनी त्या बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरल्या आणि पहिल्या आल्या. पुढे २०२० साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला. त्यात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. कोणत्याही शाळेत त्या धावण्यास शिकल्या नव्हत्या. जन्मभर शेतात राबलेले शरीर हीच त्यांची पुंजी होती, आणि संकटाच्या वेळी ती कामास आली.

ही पुंजी साठते कशी? सावकाराच्या वहीत जशी जमेची व खर्चाची बाजू असते, तशी शरीराचीही असते. आपण खातो ते अन्न जमेस पडते. श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, चालणे, धावणे आणि वाढत्या वयातील उंची व हाडांची वाढ हा खर्च होय. हा हिशेब उष्मांकांत मोजतात. जमा सतत अधिक झाली की उरलेले अन्न चरबीच्या रूपाने साठते. खर्च सतत अधिक झाला की शरीर खंगते आणि वाढ खुंटते.

पूर्वी हा हिशेब आपोआप जुळत असे. विहिरीचे पाणी शेंदणे, खुरपणी करणे, बाजाराला पायी जाणे यांत दिवस सरे. आहारात ज्वारी-बाजरीची भाकरी, कालवण व भाजी असे. पुढे नीरा डाव्या कालव्याने या भागाला पाणी दिले, उसाचे मळे फुलले, साखर कारखाने उभे राहिले. घरोघरी सुबत्ता आली, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु सुबत्तेबरोबर दारात मोटारसायकल आली, चहात साखर वाढली आणि दुकानात तळलेल्या पदार्थांच्या पुड्या टांगल्या गेल्या. जमा वाढली आणि खर्च घटला. मात्र जिरायती भागातील व ऊसतोडणीसाठी आलेल्या मजुरांच्या कित्येक मुलांना आजही पुरेसे अन्न मिळत नाही. एकाच शाळेत दोन्ही प्रकारची मुले शेजारी शेजारी बसतात.

धावण्याचा खर्च किती? चाळीस किलो वजनाचे मूल एक किलोमीटर धावले की सुमारे चाळीस उष्मांक खर्च होतात. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक असतात. म्हणजे दोन चमचे, अर्थात दहा ग्रॅम साखर खाल्ली की तितकेच जमा होतात. गोड पेयाच्या लहान बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. ती पिण्यास दोन मिनिटे पुरतात. फेडण्यास अडीच किलोमीटर धावावे लागते! म्हणून वाटेल ते खावे आणि मग धावून फेडावे, हा विचार टिकत नाही.

मग धावावे कशासाठी? धावण्याचा खरा लाभ उष्मांकांहून मोठा आहे. नियमाने धावणाऱ्याचे हृदय बळकट होते व प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त पुढे ढकलते. पाऊल जमिनीवर पडताना हाडांवर भार येतो आणि त्या भारानेच हाडे घट्ट होतात. हाडांची ही कमाई प्रामुख्याने बालपणी व तरुणपणी होते. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीचे खेळ वा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. खो-खो, कबड्डी, पोहणे, सायकलने शाळेत जाणे, हे सारे त्यात येते.

धावण्यास आरंभ बेताने करावा. थोडे चालावे, थोडे धावावे आणि बरोबरच्या सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे. उन्हाळ्यात इंदापूरकडील ऊन कडक असते. म्हणून सकाळी लवकर धावावे आणि पाणी प्यावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर तत्काळ थांबून वडील माणसांना सांगावे. आठवड्यातून एखादा दिवस विसावा घ्यावा, कारण शरीराची डागडुजी विश्रांतीतच होते.

आहारासाठी दूर जावयास नको. भाकरी, डाळ किंवा मोडाची मटकी, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, दूध किंवा ताक आणि परवडेल ते पेरू-केळ्यासारखे फळ, एवढ्यात पुष्कळ साधते. बाजरीत व पालेभाजीत लोह असते. त्यांवर लिंबू पिळले की ते लोह शरीरात अधिक मुरते. उलट जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी मुरते. रक्तात लोह कमी असेल, तर थोडे धावताच धाप लागते.

वजनाबाबत एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वाढत्या वयात वजन वाढणे हा दोष नव्हे. ते उंची व वय यांच्याशी जुळते की नाही, हे डॉक्टर पाहतात. वजन घटविण्यासाठी उपाशी राहिल्यास शरीर हाडांच्या व स्नायूंच्या वाढीतूनच वसुली करते. आणि सोबत्यास 'जाड्या' किंवा 'काडी' म्हणून हिणवल्याने कोणी निरोगी होत नाही; तो मैदानावर यायचाच थांबतो. त्याला हाक मारून आपल्याबरोबर धावावयास न्यावे, हेच खरे साहाय्य.

पैशाची पुंजी वडिलांकडून मिळू शकते. शरीराची पुंजी मात्र ज्याची त्याने रोज थोडी थोडी साठवायची असते.