विश्लेषण : घरबसल्या ‘व्हर्च्युअल असिस्टंट’... क्लायंट टिकतो कशामुळे?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या घरात बसून मुंबई-पुण्यातील किंवा परदेशातील व्यावसायिकाचे ऑफिसकाम सांभाळता येते. मात्र इथे पावसाळ्यात वीज आणि नेटचा भरवसा नसतो. अशा ठिकाणाहून काम करताना क्लायंटचा विश्वास कसा टिकवायचा?

काम नेमके कोणते?

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे दूर राहून काम करणारा स्वतंत्र सहायक. ईमेलना उत्तरे देणे, भेटींच्या वेळा ठरवणे, बिले तयार करणे, समाजमाध्यमांची पाने सांभाळणे ही त्याची नेहमीची कामे. रायगडच्या किनाऱ्यावर तर असा क्लायंट शेजारच्या वाडीतही सापडू शकतो. नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वरच्या घरगुती होमस्टेमध्ये शनिवारी मालक स्वयंपाकघर आणि पाहुण्यांत अडकलेला असतो आणि त्याच वेळी बुकिंगचे फोन व मेसेज येत राहतात. एकच खोली दोन संकेतस्थळांवर विकली गेली, तर लेकराबाळांसह आलेले कुटुंब रात्री दारात उभे राहते. चूक कोणाचीही असो, वाईट शेरा होमस्टेच्याच नावावर पडतो.

क्लायंट नाराज का होतो?

कामाला थोडा उशीर झाला म्हणून सहसा क्लायंट तुटत नाही. काम कुठवर आले हे त्याला कळेनासे झाले, की तो दुसरा माणूस शोधू लागतो. गेटवे ते मांडवा लाँच दरवर्षी पावसाळ्यात बंद असतात, पण ते आधीच ठाऊक असल्याने प्रवासी रस्त्याने किंवा रो-रो बोटीने येण्याची सोय करतो. ऐन वेळी धक्क्यावर जाऊन फेरी रद्द झाल्याचे कळले, तर तोच प्रवासी चिडतो. क्लायंटचेही तसेच असते. ‘बघते’, ‘करतो’ या उत्तरांपेक्षा ‘उद्या दुपारी तीनपर्यंत यादी मिळेल’ हे उत्तर त्याला निश्चिंत करते. दिवसअखेरीस तीन ओळींचा मेसेज पुरतो : काय झाले, काय अडले, उद्या काय होणार.

वीज आणि नेट गेले तर?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा भागांतील अनेक गावे त्यानंतर बरेच दिवस अंधारात होती, मोबाइल सेवाही कोलमडली. रोजच्या खंडित विजेसाठी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड उपयोगी पडते, पण अशा वादळात दोन्ही अपुरे ठरतात. म्हणून फाइल फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर न ठेवता क्लायंटलाही उघडता येईल अशा ऑनलाइन जागी ठेवाव्यात. जिल्ह्याबाहेरचा एखादा सहकारी क्लायंटच्या संमतीने बदली म्हणून ठरवून ठेवावा. हवामान विभागाचा इशारा आला की तातडीची कामे आधीच उरकावीत आणि संपर्क तुटण्याची शक्यता क्लायंटच्या कानावर घालावी. संपर्क तुटल्यावर दिलेली सबब कितीही खरी असली, तरी क्लायंटचे नुकसान भरून निघत नाही.

परदेशी क्लायंटच्या वेळेचे काय?

अमेरिकेतील बहुतांश भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू यॉर्कमधील सकाळी नऊची बैठक भारतात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, तर हिवाळ्यात साडेसातला येते. ब्रिटनमध्ये हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे बैठकीच्या आमंत्रणात दोन्ही ठिकाणच्या वेळा लिहिणे सोयीचे.

प्रत्येक कामाला ‘हो’ म्हणावे का?

नाही. बुकिंग सांभाळण्यासाठी ठरलेल्या मानधनात हळूहळू हिशेब, फोटो, जाहिरातीही येऊ लागतात. मग मूळ कामात चुका होतात आणि क्लायंटही नाराज होतो. म्हणून कामांची यादी, तास, सुट्ट्या आणि जादा कामाचा दर सुरुवातीलाच लिहून घ्यावा. नवे काम आले तर ‘हे घेता येईल, पण यादीतले कोणते मागे ठेवू?’ असे विचारल्यास नकारही कडू लागत नाही.

गोपनीयतेची जबाबदारी कोणाची?

होमस्टेच्या पाहुण्यांची ओळखपत्रे सहायकाच्या मोबाइलवर येतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार काम दुसऱ्याकडून करून घेतले तरी मुख्य जबाबदारी मूळ व्यावसायिकाची असते. म्हणजे सहायकाचा निष्काळजीपणा क्लायंटला भोवतो. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नये, बँकेचा ओटीपी तर कधीच नाही. गरजेपुरताच प्रवेश घ्यावा आणि काम संपताच ओळखपत्रांच्या प्रती काढून टाकाव्यात.

पैसे थकले तर?

क्लायंटला खूश ठेवणे म्हणजे स्वतःचे पैसे सोडणे नव्हे. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म सेवा उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणे भारतातील क्लायंटवर बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. परदेशी क्लायंटबाबत हा मार्ग सहज चालत नाही, म्हणून त्यांच्याकडून काही रक्कम आगाऊ घेणे किंवा दर पंधरवड्याला बिल देणे सुरक्षित. बिलाची तारीख ठरलेली असली, की पैशांची आठवण करून देताना दोघांनाही संकोच वाटत नाही.