माशांच्या जागा कशा ओळखाव्यात व तेथे कसे पोहोचावे
(पूर्व विदर्भातील तलाव व नद्यांविषयी)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे तलावांसाठी प्रसिद्ध आहेत. भाताच्या ओलितासाठी कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी पूर्वी बांधलेले तलाव व लहान बोड्या तेथे गावोगावी आढळतात. १९५१ साली मालगुजारी पद्धती नष्ट झाली. तरी ‘मालगुजारी तलाव’ हेच नाव आजही रूढ आहे. हे तलाव, तसेच वैनगंगा, चुलबंद, गाढवी या नद्या माशांनी अनेक कुटुंबांच्या आहारात सकस भर घालतात. परंतु पुष्कळ लोक दिवसभर एकाच जागी गळ टाकून बसतात, रिकाम्या हाताने परततात व त्याचे खापर नशिबावर फोडतात. वस्तुतः मासा तीन गोष्टींच्या मागे फिरतो : प्राणवायू, अन्न व आसरा. या तिन्हींची जागा ऋतूप्रमाणे बदलते, व तिच्याबरोबर मासाही जागा बदलतो.

तलावाची पाहणी

प्रथम तलावाला एक फेरी घालून तो नीट न्याहाळावा. पाळीलगत पाणी सर्वांत खोल असते. उन्हाच्या वेळी मोठे मासे तेथे विसावतात. याच्या उलट बाजूस, जेथून ओढ्याचे पाणी तलावात येते, तेथे उथळ भाग असतो. पाऊस पडून गेल्यावर वाहत आलेले किडे व गांडुळे याच तोंडाशी जमतात. म्हणून नव्या पाण्यात मासा तेथे चरावयास येतो. कमळ, देवधान यांसारख्या वनस्पतींच्या कडेला मरळ दबा धरून असते. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्याने उथळ व कोंदट पाणीही तिला मानवते.

कोणता मासा किती खोलीवर चरतो, हेही जाणून घ्यावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगल तळाशी चरतो. त्याप्रमाणे गळाची खोली ठेवावी. तळातून बुडबुडे येऊन पाणी गढूळ होत असल्यास तेथे मासा चिखल उकरीत आहे असे समजावे. पाणकावळे एकाच ठिकाणी वारंवार बुड्या मारीत असल्यास तेथे लहान मासळीचा थवा असतो.

मात्र पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून ‘आ’ करीत असतील, तर ती चांगली जागा समजू नये. रात्रभर पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. असा गुदमरलेला मासा आमिष घेत नाही. याची वर्दी तलाव सांभाळणाऱ्यांना तत्काळ द्यावी.

ऋतुमान

पावसाळ्यात नदीच्या मुख्य धारेत मासा टिकत नाही. तो काठाच्या संथ पाण्यात, भोवऱ्यांच्या आडोशाला व नाल्यांच्या संगमाजवळ सापडतो. हिवाळ्यात सकाळी मासा खोल पाण्यात सुस्त असतो. दुपारी उन्हाने तापलेल्या उथळ भागाकडे तो सरकतो; यास्तव भल्या सकाळी जाण्यात लाभ नाही. उन्हाळ्यात नदीची धार तुटते व मासे डोहांत एकवटतात.

सोडून द्यावयाच्या जागा

मासा सहज मिळतो अशा तीन जागा जाणूनबुजून सोडून देणे अगत्याचे आहे. पहिली, मृगाच्या पावसात मासे ओढ्यांतून व बांध्यांतून वर चढतात ती वाट. या माशांच्या पोटात अंडी असतात. एक मादी मारली की पुढची हजारो पिले नाहीशी होतात. दुसरी, मरळीच्या पिलांची जागा. पाण्यावर तांबूस पिलांचा पुंजका दिसला की त्याखाली राखण करणारे आईबाप असतात. त्यांना गळाला लावल्यास सारा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो. तिसरी, उन्हाळ्यातील डोह. नदीतील पुढील वर्षाचे बियाणे म्हणजे या डोहांतील मासेच होत. डोह उपसून वा त्यात विष कालवून एका दिवसाची मेजवानी होते, पण पुढे कित्येक वर्षे नदी ओस पडते. मासे मारण्यासाठी विष व स्फोटके वापरणे १९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमाविरुद्ध आहे.

तलावात सोडलेले कटला, रोहू व मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वीत नाहीत. त्यांची बोटुकली दरवर्षी खर्च करून सोडावी लागते. म्हणून तलावातील मासा फुकटचा मानू नये.

पोहोचण्याविषयी

बहुतेक तलावांतील मासेमारी मच्छिमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. तेव्हा प्रथम संस्थेची वा ग्रामपंचायतीची संमती घ्यावी. तलाव संरक्षित वनात असल्यास वनविभागाच्या परवानगीवाचून पाण्याकडे फिरकू नये. खरिपात जाताना रोवणी झालेल्या बांध्यांतून न चालता धुऱ्यावरून जावे, व धुरा फुटणार नाही याची काळजी घ्यावी. पाळीवर बेशरमाची झुडपे माजली असल्यास काठीने चाहूल देत चालावे. तेथे सापांचा वावर असतो. पाणी ओसरलेल्या काठावर वरून कोरडा दिसणारा गाळ आत मऊ असतो; काठी रोवून पाहिल्याविना पाऊल टाकू नये. गोसेखुर्दसारख्या धरणाच्या खालच्या अंगास नदीपात्रात उतरण्यापूर्वी पाणी सोडले जाणार आहे काय, याची चौकशी करावी. पाणी थोड्या वेळात चढते व परतीची वाट बंद होते. एकट्याने जाऊ नये.

सरतेशेवटी, प्रत्येक तलावाची नस त्या गावच्या ढीवर बांधवांना ठाऊक असते. त्यांना विचारून जाणाऱ्याचा वेळ वाचतो. त्यांनी ‘येथे जाळे टाकू नका’ असे सांगितलेल्या जागीही तितक्याच विश्वासाने हात आवरावा. जो बियाणे राखतो त्यालाच पुढील हंगामी पीक मिळते. शेताचा हा नियम पाण्यालाही लागू आहे.